आधी रक्त, मग गोष्ट

कळव्याच्या माझ्या दवाखान्यात आता रक्त तपासायचं मशीन आलंय. मिक्सरएवढं आहे. नळी आत सारायची, चहा गाळून होईपर्यंत कागद बाहेर. जो आकडा कमी, त्याच्यापुढे लाल खूण. ते बसवायला आलेला माणूस मला समजावत होता, "मॅडम, एकदम सोप्पं आहे. इथे लाल आलं की ॲनिमिया. तुम्हाला डोकं लावायलाच नको." मी त्याला चहा दिला आणि गप्प बसले. मी गप्प बसले हीच मोठी गोष्ट, कारण कानात लगेच तुस्कानो सरांचा आवाज आलेला: "ॲनिमिया हे रोगाचं नाव नाही, डॉक्टरबाई. ती तक्रार आहे. कशाची तक्रार, ते शोधा."

डॉ. पास्कल तुस्कानो. ठाण्यातल्या वागळे इस्टेटीत, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये, त्यांची जनावरांच्या रक्ताची लॅब होती. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे आम्ही बरेच जनावरांचे डॉक्टर त्यांच्याकडे नळ्या पाठवायचो. शिकलेले तेही जनावरांचेच डॉक्टर, पण जनावराला हात लावताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. "तुम्ही जनावर बघा, मी रक्त बघतो. दोघांनी दोन्ही बघितलं तर दोघंही चुकू," असं म्हणायचे. समुद्राकाठच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातला माणूस. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा आणि नखं कायम जांभळी. मायक्रोस्कोपखाली बघायच्या काचपट्टीवर ओतायचा रंग नखांत जाऊन बसायचा, आणि हातमोजे घालून त्यांना काचपट्टी धरता यायची नाही. रविवारी चर्चमध्ये हात जोडले की शेजारची माणसं आपल्या नखांकडे बघतात, असं त्यांनीच एकदा सांगितलेलं. ह्यावर हसायचं की नाही ते मला कळलं नव्हतं.

ह्या माणसाच्या घरी एक मांजर होतं. तेही त्यांचं नव्हे, बायकोचं. बायको गेल्यावर घरात तेवढी दोघंच उरली, आणि त्या दोघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. हे मला फार नंतर कळलं. सर स्वतःबद्दल काही सांगायचेच नाहीत.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी फटकळ आहे हे आख्ख्या कळव्याला माहीत आहे, आणि तेव्हा तर दवाखाना नवा, माझा आवेशही नवा. एक लॅब्रेडोर आलेला, हिरड्या पांढऱ्याफटक. मी रक्त काढलं आणि सोबत भरभक्कम कागद लिहिला. वय, खाणं, ताप, अंगावरच्या गोचिडी, माझा अंदाज, सगळं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"गायकवाड बाई का? मी तुस्कानो. तुमचा कागद मी वाचलेला नाही."

"का? अक्षर लागलं नाही का?"

"अक्षर चांगलं आहे. पण आधी रक्त, मग गोष्ट. गोष्ट आधी ऐकली की डोळे तीच शोधायला लागतात. पुढच्या वेळी नळीवर फक्त नंबर घाला आणि जनावर कुठलं ते. बाकीचं मी विचारीन."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, इथे मालक माझ्यासमोर रडतोय. ॲनिमिया आहे का नाही तेवढं सांगा, मला पुढे औषध द्यायचंय."

"रक्त कमी आहे हे तुम्हाला हिरड्या बघून कळलंच आहे. तेच मी परत सांगून काय उपयोग? पुढचा प्रश्न विचारा. रक्त वाहून जातंय, आतल्या आत फुटतंय, की बनतच नाहीये? तिन्हीला औषध वेगळं." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्याचं फुटतंय. लाल पेशीच्या आत जंतू बसलेत, मला दिसतायत. आता गोष्ट सांगा."

मी रागारागात सांगितली. गोचिडींपाशी आले तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. कुत्रा बरा झाला. तेव्हापासून मी कागद लिहायचं सोडलं.

पुढे वर्षानुवर्षं हे असंच चाललं. दुपारी फोन वाजायचा, सर नंबर सांगायचे, जनावर सांगायचे, पेशी लहान की मोठ्या, फिकट की गडद, कोवळ्या पेशी बाहेर आल्यात की नाहीत ते सांगायचे, आणि मग म्हणायचे, "आता गोष्ट सांगा." गोष्ट मात्र सगळी ऐकायचे. कुत्र्याचं नाव काय, त्याला घरी कोणी आणलं, तो कोणाच्या हातून जेवतो, रात्री कुठे झोपतो. ह्यातल्या निम्म्या गोष्टींचा रक्ताशी काडीचा संबंध नव्हता. मला बाहेर पेशंट असायचे, माझी चुळबुळ व्हायची. आधी वाटायचं, म्हातारा चौकस आहे. नंतर लक्षात आलं, दिवसभरात त्यांच्याशी बोलणारे आम्हीच होतो, आणि आम्हीही नळीपुरते.

एकदा त्यांचा गाळा बघायला मुद्दाम गेलेले. माझे बाबा त्याच इस्टेटीत कंपनीत होते, त्यामुळे गल्ल्या मला तोंडपाठ. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला खोकी छापायचा प्रेस, मधे सर. प्रेसचं मशीन सुरू झालं की भिंतीसकट सगळं थरथरायचं. मायक्रोस्कोपखाली पेशी नाचायला लागतात म्हणून सरांनी टेबलावर स्कूटरच्या दोन ट्यूबा हवा भरून ठेवलेल्या, त्यांच्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर मायक्रोस्कोप. तरीसुद्धा अवघड काचपट्ट्या ते प्रेसच्या जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचे. आजूबाजूला सगळे घोळक्याने डबे उघडून बसायचे, तेव्हा सर डोळा लावून बसलेले असायचे. मशीन परत सुरू झालं की मग स्वतःचा डबा काढायचे. पाव आणि आदल्या दिवशीचं मासळीचं कालवण, त्यांच्याकडे वर्षाचा कुटून बाटल्यांत भरून ठेवतात त्या बाटली मसाल्यातलं. मला अर्धं दिलं. झणझणीत होतं. म्हटलं, "सर, सुट्टीत त्यांच्यासोबत जेवलात तर?" तर म्हणाले, "त्यांनी आधी बोलावलेलं. मी दोन-तीनदा नाही म्हटलं, काम होतं. मग त्यांनी सोडून दिलं."

मी म्हटलं, मग आता तुम्ही जा. त्यांनी पावाचा तुकडा कालवणात बुडवला आणि विषय बदलला.

डोंबिवलीच्या आजींची गोष्ट मला फार आवडते. त्यांची लेक कळव्याला, म्हणून त्यांचा पॉमेरियन माझ्याकडे यायचा. सोन्या नाव. धाप लागायची, लघवी लालसर. मी नळी पाठवली. सर म्हणाले, "फुटतंय. पेशींच्या कडेला पुटकुळ्या आल्यात, कांद्याने येतात तशा. ह्या घरात कुत्र्याला कांदा कोण घालतं?" मी विचारलं तर सगळं घर माझ्यावर उलटलं. आमच्याकडे त्याला दूधभात असतो, आम्ही असलं काही देत नाही, तुमची लॅब बदला. मी सरांना तसंच सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "सकाळी नाश्त्याला काय असतं, ते विचारा. आणि आजींना विचारा, बाकीच्यांना नको."

आजी खाली मान घालून म्हणाल्या, "कांदेपोहे. माझ्या बशीतले देते मी त्याला. रोज. आवडतात हो त्याला. सकाळी घरातले सगळे पळतात, मग आम्ही दोघंच असतो खायला."

मला हसू आवरत नव्हतं. फोनवर सरांना सांगताना तर मी हसतच होते. सर हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना पोहे बंद करायला सांगू नका. कांदा न घालता करा म्हणावं. पण सोबत बसून खाऊ देत दोघांना." मी पुढचे पेशंट घेतले, पण दिवसभर ते बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

धीर हा त्यांचा दुसरा गुण, आणि आम्हाला तो सगळ्यात जास्त छळायचा. खारेगावच्या एका रिक्षावाल्याने गल्लीतला कुत्रा पाळलेला, त्याला टेम्पोची धडक बसली. रक्त खूप गेलं. दुसऱ्या एका अनुभवी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, कोवळी पेशी एकही नाही, ह्याची मज्जा संपली, उगाच हाल करू नका. मज्जा म्हणजे हाडांच्या आतली, जिथे रक्त बनतं ती. रिक्षावाला माझ्याकडे आला, "मॅडम, झोपवून टाका त्याला, मला बघवत नाही." मी सरांकडे नळी पाठवली. त्यांनी रक्ताचं वाचन सांगितलं, तेही तेच, कोवळी पेशी नाही. मग गोष्ट विचारली.

"लागलं कधी?"

"परवा."

"मग आज मला रक्त दाखवून काय होणार? आत निरोप पोचायला, कामाला लागायला, चार-पाच दिवस जातात. तोवर बघणाऱ्याला वाटतं, आत कोणी नाहीच. मालकाला म्हणावं थांब."

त्याला थांबवताना माझ्या नाकी नऊ आले. रोज यायचा, रोज तोच प्रश्न विचारायचा. पाच दिवसांनी मी परत नळी पाठवली. त्या दुपारी सरांनी नंबरसुद्धा सांगितला नाही. फोन उचलल्याबरोबर म्हणाले, "आल्या, डॉक्टरबाई. मोठ्या मोठ्या, निळसर, कोवळ्या. भरपूर आल्यात." सणाला घरी पाहुणे आल्यासारखा आवाज होता. मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

आणि एकदा घोडी. कल्याणला लग्नासाठी घोड्या भाड्याने देणारे एक जण होते, त्यांची घोडी लग्नात मांडवाच्या दारातच बसली. मी रक्त पाठवलं तर सर वैतागले. "कुत्र्याचं रक्त बोलतं. घोड्याचं नाही. घोड्याची कोवळी पेशी पिकल्याशिवाय बाहेरच पडत नाही. आत मज्जा मरमर राबत असेल किंवा बंद पडली असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसणार. थोड्या थोड्या दिवसांनी रक्त काढत राहा, आकडा वर जातो का बघा. दुसरा उपाय नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यासारखंच की, सर."

म्हणून गेले आणि जीभ चावली. सर म्हणाले, "माझी बायको हेच म्हणायची."

बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. फिलोमिना. शाळेत शिकवायच्या. घरात बोलायच्या त्याच, दोघांच्या वाटचं. त्यांच्या शाळेच्या मागे कोणीतरी टाकून दिलेलं मांजर त्यांनी आणलं, लिली नाव ठेवलं. लिली त्यांच्या पदरात झोपायची, स्वयंपाक करताना ओट्याशी बसायची. सरांकडे मात्र ढुंकून बघायची नाही. "माझ्या अंगाला लॅबचा वास येतो, म्हणून असेल," सर म्हणाले. फिलोमिनाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. लिली कपाटावर चढून बसली, ती तिथेच राहायला लागली. सर बशीत खाणं घालायचे आणि स्वयंपाकघरातून बाहेर जायचे. ते गेल्यावर ती उतरून खायची. "आम्ही एका घरातले दोन भाडेकरू आहोत," असं म्हणाले ते. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही एकदा बशीपाशी बसून तरी बघा." म्हणाले, "बसलो होतो. तिने खाल्लं नाही त्या दिवशी."

ह्यानंतर काही वर्षं गेली असतील. थंडीचे दिवस होते. फोन आला, नंबर झाले, गोष्टी झाल्या, आणि ठेवायच्या आधी सर म्हणाले, "तुम्हाला एक गंमत सांगू?"

मी सावरून बसले. सर आणि गंमत.

"लिली काल माझ्या पायाशी येऊन झोपली."

"काय सांगता."

"रात्रभर होती. मी कूस बदलली नाही."

त्या दिवसापासून दर फोनच्या शेवटी लिलीची बातमी. आज पेपर वाचताना मांडीवर आली. आज पांघरुणाच्या आत शिरली. आज खाताना मी तिथेच उभा होतो तरी खाल्लं. मी चिडवायचे, "सर, जमलं म्हणायचं तुमचं." ते लाजल्यासारखे हसायचे. लॅब लवकर बंद व्हायला लागली. इतर डॉक्टर तक्रार करायचे, तुस्कानोंचे रिपोर्ट उशिरा येतात, म्हातारपण आलं. मला खरं कारण माहीत होतं, आणि मला मनापासून बरं वाटत होतं. घरी कोणीतरी वाट बघतंय म्हणून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा घाई करत होता.

उन्हाळा लागला तेव्हा ते लिलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वेताची झाकणाची टोपली, खाली फिलोमिनाबाईंची जुनी साडी घडी घालून. "काही विशेष नाही," म्हणाले. "कपाटावर चढत नाही आताशा. खाणं कमी झालंय. पाणी फार पिते. वय झालं असणार. तरी म्हटलं दाखवावं." मी टोपलीतून तिला बाहेर काढलं. हाताला कापूस लागावा तशी हलकी लागली. ओठ वर केला, हिरडी बघितली. पांढरीफटक. सर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. भिंतीवरचं कुत्र्यांच्या जातींचं चित्र बघत होते.

"रक्त काढते, सर," मी म्हटलं.

"काढा. नेहमीसारखंच पाठवा. नंबर घालून."

"सर, दुसऱ्या लॅबला पाठवते ना. तुम्ही कशाला."

"दुसरा लॅबवाला गोष्ट आधी ऐकतो," ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्याकडे विटाव्याचंही एक मांजर आलेलं, फिकटलेलं. मी दोन्ही नळ्या इतर नळ्यांसोबत पाठवल्या. कुठली कोणाची, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी मला काम सुचत नव्हतं. एका बोक्याला टोचायचं इंजेक्शन मी दोनदा भरलं आणि दोनदा ओतून दिलं.

दुपारी फोन आला. प्रेसच्या सुट्टीची वेळ असणार, मागे आवाज नव्हता.

"चार नंबर. मांजर," सर म्हणाले. "रक्त कमी आहे, पण कोवळ्या पेशी भरपूर. कुठून तरी थोडं थोडं जातंय आणि मज्जा भरून काढतेय. पिसवा बघा, जंत बघा. हे मांजर सुधारणार." आवाज हलका होता, अगदी त्या रिक्षावाल्याच्या कुत्र्याच्या वेळी होता तसा. "आता गोष्ट सांगा."

"सर, ते विटाव्याचं आहे. पिल्लू आहे. अंगभर पिसवा आहेत."

"हं," ते म्हणाले. त्यांच्या गाळ्यातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"सहा नंबर," ते म्हणाले. "मांजर. पेशी आकाराने ठीक, रंगाने ठीक. फक्त फार कमी. कोवळी एकही नाही, मी सगळी काचपट्टी फिरलो. वाहत नाहीये, फुटत नाहीये. बनत नाहीये. आणि हे आजकालचं नाही. महिनोन्‌महिने चाललंय, इतकं हळू की जनावर जुळवून घेतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. मूत्रपिंडं तपासा. रक्त बनव म्हणून मज्जेला निरोप जातो तो तिथून. तो बंद झाला असणार." एक श्वास घेतला. "आता गोष्ट सांगा."

"सर, राहू दे ना."

"असं करून चालत नाही. सांगा."

मग मी सांगितली. काय करणार. "मांजर म्हातारं आहे. मालकाच्या बायकोचं. ती गेली. मालकाजवळ ते कधी यायचं नाही. गेल्या थंडीपासून त्याच्या पायाशी झोपायला लागलं, मग कुशीत. घरात दुसरं कोणी नाही. मालकाला वाटलं..."

"मालकाला वाटलं, लळा लागला," सरांनी वाक्य पुरं केलं. "लळा नाही, डॉक्टरबाई. रक्त कमी झालं की थंडी वाजते. वर चढायची ताकद राहत नाही, म्हणून कपाटावरून उतरली. घरात गरम असा मी एकटाच होतो."

इतक्या वर्षांत मी सरांवर मनापासून चिडले ती तेव्हा. "काहीही बोलू नका. फ्रिजच्या मागे गरम असतं. खिडकीत ऊन येतं. तिला नुसती ऊबच हवी असती तर तिथे गेली असती. तुमच्याकडेच का आली?"

"ते काचपट्टीवर दिसत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मूत्रपिंडंच होती. मी जे करता येतं ते सगळं केलं. मज्जेला जागं करायची इंजेक्शनं दिली, कातडीखाली सलाईन दिलं. थोडे दिवस तरतरी आली, मग परत उतरण. ह्या आजारात तसंच होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त. सर दोन-चार दिवसांआड रिक्षाने तिला घेऊन यायचे. मी त्यांना सरळ आत बोलवायचे, पण ते यायचे नाहीत. बाकावर नंबर लावून बसायचे, मांडीवर टोपली, आजूबाजूला भुंकणारे कुत्रे आणि त्यांचे मालक. आपण डॉक्टर आहोत हे कोणाला सांगायचे नाहीत. कोणी विचारलं, "काका, काय झालंय हिला?" तर म्हणायचे, "रक्त कमी आहे." एवढंच. मला हसूही यायचं आणि रडूही. दुसऱ्या कोणी असं मोघम सांगितलं असतं तर सरांनी त्याची शाळा घेतली असती.

लिली घरीच गेली, पावसाळा लागायच्या आधी. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं. मी येते म्हटलं, ते नको म्हणाले. त्यानंतर नंबरांचे फोन येत राहिले, पण "आता गोष्ट सांगा" हे त्यांनी परत कधी म्हटलं नाही. नंबर सांगायचे, वाचन सांगायचे, ठेवून द्यायचे. मीच जबरदस्तीने गोष्ट सांगायला जायचे, तर म्हणायचे, "तुम्हाला पेशंट असतील." मग एके दिवशी गाळा बंद झाला. आता तिथे पुठ्ठ्याचे गठ्ठे ठेवतात. सर किनाऱ्यावरच्या गावी भावाकडे राहायला गेले, आणि वर्षा-दोन वर्षांत तिथेच वारले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लिली जायच्या आधीच्या आठवड्यात, माझ्याच दवाखान्यात.

दुपारची वेळ होती. लिलीत जीव असा उरलाच नव्हता. अंग गार लागत होतं. मी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, टॉवेलमध्ये गुंडाळून स्टीलच्या टेबलावर ठेवलं, तिला त्यावर निजवलं आणि कातडीखाली सलाईन सुरू केलं. सर शेजारी स्टुलावर बसलेले, एक हात कोपरापर्यंत टेबलावर. ती पिशवीवर पसरून पडून होती, डोळे मिटून. बरं वाटत असावं.

सलाईन संपलं. मी सुई काढली आणि हात धुवायला बेसिनकडे वळले. मागे काही खुडबुड झाली म्हणून पाहिलं तर लिली उठत होती. पुढचे पाय लटलट कापत होते. पिशवीवरून ती खाली उतरली, थांबली, धाप टाकली. मग त्या गार पत्र्यावरून सरकत सरकत सरांच्या हातापाशी गेली आणि त्यांच्या कोपराच्या बेचक्यात तोंड खुपसून पडली.

सर हलले नाहीत. मग दुसरा हात लांब केला आणि तळवा त्या पिशवीवर ठेवला. उचलला. टॉवेल बाजूला सारून परत ठेवला, थेट रबरावर.

"गरम आहे," ते म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते. "चांगली गरम आहे."

बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. मी बाहेर गेले, त्यांना थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने हळूच आत डोकावले, तर सरांचा हात अजून पिशवीवरच होता.